प्रेमानंद सरांचा तिसरा प्रश्न

प्रेमानंद सर वर्गात व्हिडिओ लावत, पण स्वतः तो कधी पाहत नसत. टीव्हीकडे पाठ करून ते खिडकीला टेकून उभे राहत आणि पोरांची तोंडं पाहत. कोण कुठे हसलं, कोण बाकावरून पुढे सरकलं, कोणाची नजर खाली गेली, एवढंच त्यांचं पाहणं. व्हिडिओ संपला की टीव्ही बंद आणि प्रश्न सुरू.

मी या शाळेत मुख्य लिपिक आहे. शाळेचं आणि गावाचं नाव लिहीत नाही. डोणगावहून आत फाटा फुटतो त्या बाजूचं गाव, एवढं पुरे. कार्यालयाची खिडकी सातवीच्या वर्गासमोर उघडते, त्यामुळे सरांचे तास मला बसल्या जागी ऐकू येत. मी वाणिज्य शाखेचा माणूस, शिकवण्यातलं मला फारसं कळत नाही. पण त्यांच्या तासाला मी कपाटं लावण्याचं काम काढून खिडकीजवळ उभा राहत असे.

त्यांचे प्रश्न तीनच. काय दिसलं? काय ऐकलं? काय दिसलं नाही?

पहिल्या दोन प्रश्नांना एक कडक नियम होता. पडद्यावर होतं तेवढंच सांगायचं, मनातलं नाही. कोणी सरांच्या तोंडाकडे पाहून अंदाज घ्यायला लागलं की सर म्हणत, "माझ्याकडे नको पाहू. उत्तर माझ्या तोंडावर लिहिलेलं नाही. पडद्याकडे पाहून सांग." पोरं बंद टीव्हीच्या काळ्या काचेकडे टक लावून पाहत आणि आठवून सांगत. हा खेळ त्यांना फार आवडत असे.

तिसऱ्या प्रश्नाला मात्र तोंडं सुटत. एकदा आठवडी बाजाराचा व्हिडिओ होता. सरांनी विचारलं, "काय दिसलं नाही?"

शिवम नावाचा एक वाचाळ पोरगा उठून म्हणाला, "सर, शेण! एवढ्या म्हशी बाजारात अन् एक पोव नाही पडला!"

वर्ग हसून लोटपोट. सर हसले नाहीत. मोठ्याने म्हणाले, "एवढ्या म्हशी आणि एक पोव पडला नाही. कशावरून? कोणी उचललं असेल?"

"उचलनाऱ्या बाया बी नाही दाखवल्या," दुसरी एक पोरगी म्हणाली.

"उचलणाऱ्या बाया दाखवल्या नाहीत. काऊन?"

पोरांचं उत्तर मोठ्याने जसंच्या तसं म्हणायचं, ही त्यांची सवय. सातवीची खोली लांबट, वर टिनाचं छप्पर, पुढच्या बाकाचं मागे पोचत नसे. मी एकदा त्यांना म्हणालो, "सर, ‘हा म्हणतो’ किंवा ‘ती म्हणते’ असं तरी लावत जा. ऐकणाऱ्याला वाटतं तुम्हीच बोलून राह्यले."

सर म्हणाले, "नाव लावलं की वर्ग मागे वळून पाहतो, मोठे बाबू. कोणाचं पोर बोललं, ते पाहतो. मग वाक्य राहून जातं. मला वाक्य पाहिजे."

ते मूळचे लोणार तालुक्यातल्या सुलतानपूरचे. वडील कचरूबाबा आयुष्यभर दुसऱ्याच्या शेतात राबले. घरात पहिली पदवी सरांची. बी.एड. करून ते आमच्या संस्थेत आले तेव्हा त्यांची तुकडी विनाअनुदानित होती. म्हणजे शिकवायचं, हजेरीपत्रकावर सही करायची, आणि सरकार कधीतरी पगार देईल या भरवशावर म्हातारं व्हायचं. सुट्ट्यांत ते सोयाबीन काढायला जात. लग्नसराईत मंडपवाल्याकडे लाउडस्पीकर जोडायचं काम करत. पत्नी धम्मशीलाबाई घरी शिलाई करत. लग्नाच्या वेळी त्यांच्या माहेरी सांगितलं होतं, मुलगा मास्तर आहे. मास्तर होतेच, खोटं नव्हतं.

गेल्या वर्षी तुकडीला अनुदान मंजूर झालं आणि सरांचं पद पगारावर येण्याची वेळ आली. त्यासाठी मान्यतेचा प्रस्ताव वरच्या कार्यालयात पाठवायचा होता आणि त्यावर संस्थेच्या अध्यक्षांची सही लागत होती. बाकी सगळं मी तयार करून ठेवलं होतं. सही झाली की सरांचं आयुष्य रस्त्याला लागणार होतं. नाही झाली तर त्या वयात त्यांना दुसरीकडे कोणी उभं करणार नव्हतं. हे त्यांना कळत होतं, मला कळत होतं आणि अध्यक्षांना तर फारच चांगलं कळत होतं.

अध्यक्ष म्हणजे भगवंतराव. गाव त्यांना भाऊसाहेब म्हणतं. शाळा त्यांची, गावाबाहेर नाल्याच्या पलीकडची वीटभट्टी त्यांची. त्यांचा पुतण्या हर्षल नुकताच बी.एड. झाला होता आणि शाळेत टीव्ही, संगणक सांभाळायला म्हणून येऊन बसत होता. टीव्हीच्या कपाटाची किल्ली त्याच्याकडे असे. डिजिटल वर्ग चालतो याचा पुरावा म्हणून प्रत्येक तासाचा तुकडा तो मोबाइलवर टिपून घेई आणि स्वतःच्या स्टेटसला टाकी.

मार्च महिना होता. गावाला सरकारी टँकर सुरू झाला होता. सरांनी सातवीला पाण्याचा व्हिडिओ दाखवला. चित्रातलं गाव होतं, गोल चेहऱ्याची बाई नळाखाली हंडा धरून हसत होती. पहिले दोन प्रश्न झाले. तिसरा आला.

"काय दिसलं नाही?"

मधल्या बाकावरची मंजुश्री उभी राहिली. पोरगी हुशार, पण आवाज इतका बारीक की शेजारणीलाच ऐकू यावा. तिची आई चांगुणाबाई भाऊसाहेबांच्या भट्टीवर विटा थापायची आणि भट्टीवरच्याच खोपटात मायलेकी राहत. पोरगी काय बोलली ते मला खिडकीतून ऐकू आलं नाही. ऐकू आला तो सरांचा आवाज.

"गावाच्या टँकरचं पाणी भाऊसाहेबांच्या वीटभट्टीवर उतरतं."

आणि ती खाली बसू लागली म्हणून लगेच नाव घेऊन, "मंजुश्री, हे तू पाहिलं की ऐकलं? पाहिलं असेल तर कधी, कसं, ते सांग. ऐकलं असेल तर ते इथे चालणार नाही."

टँकर भट्टीवर उतरतो हे गावात सगळ्यांना माहीत होतं. पण मोठ्याने कोणी म्हणत नव्हतं.

हर्षलने त्या तासाचा तुकडा नेहमीप्रमाणे स्टेटसला टाकला. स्टेटसवर जेवढं मावतं तेवढंच गेलं. सर फळ्यासमोर उभे राहून भाऊसाहेबांचं नाव घेतात आणि तिथेच व्हिडिओ तुटतो. मुद्दाम कापायची गरजही पडली नव्हती. संध्याकाळपर्यंत तो डोणगावच्या चहाच्या टपरीवर पोचला होता.

दुसऱ्या दिवशी भाऊसाहेब शाळेत आले. ते कधी आवाज चढवत नाहीत. सरांना कार्यालयात बोलावलं, खुर्ची दिली, चहा मागवला. मी माझ्या टेबलाशी होतो.

"सर, आमचं काही चुकलं का?"

"नाही भाऊसाहेब. ते वाक्य माझं नव्हतं. एका विद्यार्थ्याचं उत्तर होतं. मी मोठ्याने म्हणालो, एवढंच. पुढे मी विचारलं होतं, पाहिलं का ऐकलं."

"असं व्हय? मग तर प्रश्नच मिटला." भाऊसाहेब खुश झाल्यासारखे मागे टेकले. "कोणाचं उत्तर होतं?"

सरांनी चहाचा कप टेबलावर ठेवला.

"नाव सांगा ना. लेकराले काही करत नाही मी, लेकरू ते. त्याच्या घरच्यांले बोलावतो, समजावतो. मोठे बाबू, सरांचा प्रस्ताव तयार आहे ना? आणा इकडं. पेन आहे माझ्यापाशी."

मी प्रस्ताव त्यांच्यासमोर ठेवला. त्यांनी पेनचं टोपण काढलं, सही करायच्या जागेवर पेन टेकवलं आणि तसंच धरून ठेवलं.

"बोला."

"आठवत नाही, भाऊसाहेब," सर म्हणाले.

"तुम्हाले आठवत नाही?" भाऊसाहेब हसले. "तुम्ही तर पोरांले म्हशीचं शेण आठवाले लावता." त्यांनी टोपण लावलं. "तुम्ही लोकं शिकले, बोलाले लागले, आम्हाले त्याचा आनंदच आहे, सर. पण मंग बोललेलं निस्तरता बी आलं पाहिजे. शनिवारी पालकसभा घेऊ. तोवर आठवते का पाहा."

त्या संध्याकाळी चांगुणाबाई सरांच्या घरी गेली. मी तिथेच बसलो होतो, धम्मशीलाबाई चहा करत होत्या. चांगुणाबाई आत आलीच नाही. दारातच उभी राहिली. केसांत विटेची लाल धूळ, पाय गुडघ्यापर्यंत मातीचे.

"पोरीचं नाव घ्यायचं नाही," ती म्हणाली. हात जोडले नाहीत, आवाज खाली घेतला नाही.

"नाही घेणार, बाई," सर म्हणाले.

"तुम्हीच शिकवलं तिले बोलाले. घरी तोंड उघडत नव्हती पोरगी. आता पान्याचं बोलते, मुकादमाचं बोलते, उद्या मले बी शिकवन. तुमची नोकरी गेली तं दुसरी भेटन, शिकेल हाये तुम्ही. आमाले भट्टीवरून काढलं तं खोपट बी जाते. कुठं जाऊ मी जवान पोरगी घेऊन?"

"मी नाव घेणार नाही म्हणालो ना."

"म्हननं सोपं असते. सायबानं पेन समोर धरलं होतं म्हने तुमच्या. पुढच्या टायमाले हात बी धरन. तवा पाहू तुमचं." आणि ती निघून गेली. सरांनी नाव घेतलं नाही याबद्दल एक शब्दही बोलली नाही.

धम्मशीलाबाईंनी आतून विचारलं, "कोण होतं हो?"

"पालक," सर म्हणाले.

शनिवारच्या आधी हर्षलने सरांना व्हरांड्यात गाठलं. मी कार्यालयाला कुलूप लावत होतो.

"सर, टेन्शन नका घेऊ. पूर्ण व्हिडिओ आहे माझ्याकडं. तुमचं पुढचं बी आहे त्यात, पाहिलं का ऐकलं, ते सगळं. काकाले दाखवला की मामला खतम."

सरांच्या चेहऱ्यावर एक क्षण काहीतरी सैल झालं. मग ते म्हणाले, "पुढे काय काय आहे त्यात?"

हर्षल मोबाइलवर बोट फिरवत राहिला. "तुम्हालेच माहीत काय बोलले ते. ‘मंजुश्री, हे तू पाहिलं की ऐकलं?’ एकदम क्लिअर आहे आवाज. मस्त आला आहे." त्याने वर पाहिलं. तो हसत होता. "सांगा सर. दाखवू?"

समोर मैदानात पोरं कबड्डी खेळत होती.

"डिलीट करा," सर म्हणाले.

"पाहा बरं सर. मंग नसन माझ्याकडं."

"माझ्यासमोर करा."

"तुम्ही म्हणून राह्यले म्हणून करून राह्यलो हं. मोठे बाबू, तुम्ही बी ऐकलं. नंतर म्हणाल, हर्षलनं पुरावा मिटवला." त्याने स्क्रीन सरांच्या तोंडासमोर धरली, बटण दाबलं, मग कचऱ्याच्या पेटीतूनही काढून दाखवलं. अगदी आनंदाने. सरांचं पद रिकामं झालं तर त्यावर कोण बसणार, हे शाळेतल्या शिपायालाही माहीत होतं.

पालकसभेला हॉल भरला. एरवी पालकसभेला माणसं बोलावून आणावी लागतात. त्या दिवशी खिडक्यांतही उभी होती. भट्टीवरच्या बायांना सुट्टी देऊन आणलं होतं, त्या मागे खाली बसल्या होत्या. चांगुणाबाई त्यांच्यात होती. पुढे सातवीचा वर्ग सतरंजीवर. त्यांच्यासमोर टीव्ही. टीव्हीच्या एका बाजूला भाऊसाहेब, दुसऱ्या बाजूला सर उभे. सरांना खुर्ची ठेवली नव्हती.

भाऊसाहेब म्हणाले, "मी काही मास्तर नाही. पण आपल्या सरांची शिकवायची पद्धत लय चांगली आहे, तीच आज वापरतो. आधी पिक्चर, मंग प्रश्न. हर्षल, लाव."

स्टेटसवरचा तो तुकडा लागला. सर दिसले, बोलले, तुटलं. हर्षलने पुन्हा लावला. मग टीव्ही बंद केला.

"हां पोरांनो. काय दिसलं?"

पोरं आधी बावरली. मग त्यांना खेळ ओळखू आला आणि हात वर झाले.

"सर दिसले!"

"फळा दिसला!"

"सरांच्या शर्टाले खडू लागेल आहे!"

मोठी माणसं हसली, पोरं आणखी खुलली. भाऊसाहेबांनी कौतुकाने मान डोलावली. "वा. आता, काय ऐकलं?"

शिवमने हात वर केला. त्याला काही कळत होतं अशातला भाग नाही, नियम माहीत होता. पडद्याकडे पाहून त्याने सगळं वाक्य सरांच्याच सुरात म्हणून दाखवलं. "गावाच्या टँकरचं पाणी भाऊसाहेबांच्या वीटभट्टीवर उतरतं." नक्कल इतकी हुबेहूब झाली की हॉलमध्ये पुन्हा हशा पिकला.

"कोण म्हणालं असं?"

"सर."

"शाबास. एकट्याचं ऐकून कसं चालन? अजून कोणी सांगा." त्यांची नजर वर्गावरून फिरली आणि थांबली. "तू सांग, पोरी. तुझी माय आपल्याच भट्टीवर आहे ना? उभी राह्य."

मंजुश्री उभी राहिली. सतरंजीवरची पोरं बाजूला सरकली.

"कोण म्हणालं?"

तिने सरांकडे पाहिलं. नुसतं पाहिलं नाही, पाहतच राहिली. मागे बायांच्या घोळक्यात चांगुणाबाई अर्धी उठली होती.

सर म्हणाले, "माझ्याकडे नको पाहू. पडद्याकडे पाहून सांग."

तिने मान वळवली. बंद टीव्हीच्या काचेत हॉलमधली माणसं काळी काळी दिसत होती.

"सर म्हणाले."

"दुसरं कोणी म्हणालं का?"

"नाही. सरच म्हणाले."

"बरोबर," सर म्हणाले. रोज वर्गात म्हणत तसंच. "बस."

ती बसली आणि फ्रॉकचा काठ दातात धरला. भाऊसाहेब पालकांकडे वळले. "पाहा, मी एक शब्द बोललो नाही. तुमच्या लेकरांनीच सांगितलं. आता तुम्ही ठरवा, असा माणूस..."

"साहेब!" शिवमचा हात पुन्हा वर होता. तो गुडघ्यांवर उभा राहिला होता. "साहेब, तिसरा प्रश्न राह्यला!"

"कोणता रे?"

"काय दिसलं नाही, तो. तो तं खरा असते. ह्या व्हिडिओत एक गोष्ट दाखवलीच नाही, सर जे बोलले ना, त्याच्या आधी..."

भाऊसाहेबांचा चेहरा उजळला. माणसाला न मागता मिळालं की उजळतो तसा. ते पोराकडे वाकले. "हाव का? सांग सांग. काय नाही दाखवलं?"

"त्याच्या आधी ना..."

"शिवम, खाली बस!" सर ओरडले.

त्या वर्गाने सरांना ओरडताना कधी ऐकलं नव्हतं. शिवमचं तोंड उघडंच राहिलं.

"पण सर, तुम्हीच म्हणता, तिसरा प्रश्न सोडाचा नाही..."

सर दोन पावलांत त्याच्याजवळ गेले आणि त्याच्या थोबाडीत मारली. सगळ्या हॉलला आवाज आला. पोरगा गालावर हात ठेवून खाली बसला. सर भाऊसाहेबांकडे वळून म्हणाले, "वाक्य माझंच होतं. विद्यार्थ्याचं उत्तर होतं म्हणालो, ते खोटं. कोणी काही बोललं नव्हतं. मीच बोललो."

मी उठून म्हणालो, "भाऊसाहेब, मी खिडकीतून..."

सरांनीच मला थांबवलं. "मोठे बाबू, तुम्ही लिहून घ्या. वाक्य माझंच होतं."

मग पालक बोलायला लागले. ज्यांच्या घरी टँकरचं पाणी पोचत नव्हतं, तेही बोलले. एकजण म्हणाला, चूक स्वतःची अन् मारते लेकराले. एकजण म्हणाला, अशा माणसाच्या हाती पोरी कशा द्याव्या. भाऊसाहेबांनी शेवटी चांगुणाबाईला उभं केलं. "बाई, तू तं रोज भट्टीवर असते. उतरते का टँकर?"

"नाही जी," ती म्हणाली. "म्या कधीच नाही पाह्यला. मास्तर खोटं बोलते."

सरांनी राजीनामा माझ्या टेबलाशी बसून लिहिला. अक्षर नेहमीसारखं होतं. त्यांच्या जागी हर्षलचं नाव घालून नवा प्रस्ताव मी तयार केला, भाऊसाहेबांनी त्याच पेनने सही केली.

शाळा सुटल्यावर सर फाट्याकडे चालत निघाले तेव्हा सातवीची पोरं कुंपणाच्या भिंतीवर बसली होती. सर जवळ आले तशी ती गप्प झाली. ते पुढे गेल्यावर कोणीतरी ओरडलं, "सर भेले बे! घाबरले!" मग सगळीच ओरडायला लागली, "भेले! भेले!" शिवमचा आवाज सगळ्यांत मोठा होता. मंजुश्री भिंतीपाशी खाली उभी होती. आधी तिचे ओठ बंद होते. शेजारणीने कोपर मारलं, तेव्हा तीही ओरडली. तिचा आवाज नेहमीसारखाच बारीक होता, सरांपर्यंत पोचला नसावा.

काही दिवसांनी मी त्यांच्या घरी गेलो. सर कामाच्या शोधात मलकापूरला गेले होते. धम्मशीलाबाई मशीनवर बसल्या होत्या. मी म्हणालो, "वहिनी, सरांनी एका लेकराला वाचवलं."

त्यांनी मशीन थांबवलं नाही. "सगळ्या गावाच्या लेकरांची काळजी आहे तुमच्या सरांले. आमचा प्रसेनजित कोणाचं लेकरू आहे हो, मोठे बाबू? त्याची आठवण आली असन का तिथं उभं राहून?" मशीन पुन्हा धावत सुटलं. मला चहा विचारला नाही.

दिवाळीनंतर भट्टीचा नवा हंगाम सुरू झाला. जुन्या बायांना घेतलं, चांगुणाबाईला घेतलं नाही. खोपट मुकादमाने आधीच मोडून टाकलं होतं. ती शाळेच्या फाटकाशी येऊन भाऊसाहेबांची वाट पाहत बसली. भाऊसाहेबांची गाडी आली, थांबली नाही. दोन-तीन दिवसांनी मायलेकी गावातून गेल्या. कोणी म्हणालं जालन्याकडे, कोणी म्हणालं गुजरातेत. पोरीचा दाखला न्यायला कोणी आलं नाही. तो अजून माझ्याकडे आहे.

मी भाऊसाहेबांना विचारलं, "चांगुणाबाईने तर सभेत तुमच्याच बाजूने सांगितलं होतं."

ते फायलींवर सह्या करत होते. "हाव, चांगलं बोलली. पण तिच्या पोरीनं सरकडं पाह्यलं ना, मले तवाच समजलं कोणाचं वाक्य आहे ते."

"मग सरांना कशाला..."

"सर तं जाणारच होते, बाबू. हर्षल कुठं जाईन मंग?" त्यांनी फाइल पुढे सरकवली. "अन् बाईले तवाच काढलं असतं तं गाव म्हणलं असतं, मास्तर खरं बोलला. हंगाम सरू दिला."

जानेवारीत मला मलकापूरला जावं लागलं. परतीच्या गाडीला वेळ होता म्हणून स्टेशनजवळच्या ज्या शिकवणीत सर लागले होते ती शोधत गेलो. दुकानांच्या वरच्या मजल्यावर एक हॉल, भिंतभर पडदा. कुठल्या तरी मोठ्या शहरातल्या शिक्षकाचा व्हिडिओ चालू होता. पोरं वह्यांत उतरवून घेत होती. सर मागे स्टुलावर बसले होते, हातात रिमोट. पोरांकडे नाही, पडद्याकडे पाहत होते. त्यांचं काम व्हिडिओ लावायचा, बंद करायचा आणि वर्गात आवाज होऊ द्यायचा नाही, एवढंच होतं.

व्हिडिओ संपला. पोरं उठून जिना उतरून गेली. मी त्यांच्याजवळ जाऊन बसलो. मी आडपडदा ठेवणारा माणूस नाही. सगळं सांगितलं. चांगुणाबाईचं, खोपटाचं, दाखल्याचं.

"वाक्य कोणाचं, हे भाऊसाहेबांना कळलं कशावरून?" सरांनी विचारलं.

"पोरीने तुमच्याकडे पाहिलं त्यावरून."

"मी तिला सांगितलं होतं, माझ्याकडे पाहू नको."

"तोवर पाहून झालं होतं, सर."

सर रिमोट एका हातातून दुसऱ्या हातात घेत राहिले. मग म्हणाले, "त्या पोराला मी उगाच मारलं म्हणायचं."

मी काही बोलायच्या आत भिंतीवरच्या कॅमेऱ्याखालच्या स्पीकरमधून मालकाचा आवाज आला. "प्रेमानंद, वर्गात बाहेरचा माणूस कोण आहे? गप्पा बाहेर. पुढची बॅच आत घे."

"निघा तुम्ही, मोठे बाबू," सर उठत म्हणाले. "ते वरून पाहतात."

मी दाराबाहेर आलो. दुसरी पोरं आत शिरली, बसली. सरांनी बटण दाबलं. पडद्यावरचा शिक्षक बोलू लागला. पुढच्या बाकावरची एक पोरगी मागे वळून हात वर करत म्हणाली, "सर, हे असं काऊन..."

"बोलायचं नाही," सर म्हणाले. "समोर पाहा."